नोकरी गेली, वकिलाची फी उरली

भुसावळसारख्या गावात नव्या माणसाची ओळख करून घेताना पहिला प्रश्न असतो, "कुठे असता?" याचा अर्थ राहता कुठे असा नव्हे, नोकरीला कुठे असता, असा. रेल्वेत, ऑर्डनन्स फॅक्टरीत, दीपनगरच्या वीज केंद्रात, बँकेत की शाळेत, एवढे कळले की माणसाचा पत्ता पुरता लागला असे आपण समजतो. हे पगारावर चालणारे गाव आहे. इथल्या किराणा दुकानाची उधारी, शिकवणीची फी आणि मुलीच्या लग्नाची तारीखसुद्धा पगाराच्या हिशोबाने ठरते.

अशा गावात नोकरी लागली की पेढे वाटले जातात. निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ आणि शाल मिळते. पण नोकरी अध्येमध्ये गेली तर त्या घराचे दार हळूच लोटून घेतले जाते. शेजारी विचारत नाहीत, घरचे सांगत नाहीत. मग पाच-दहा वर्षांनी कळते की त्या माणसाने दावा लावला होता, तारखा केल्या होत्या आणि अखेर काही पैसे मिळवले होते. "चला, न्याय मिळाला," असे आपण म्हणतो आणि विषय संपवतो. त्या मिळालेल्या पैशांतून वकिलाचे किती गेले, सरकारचे किती गेले आणि घरी किती आले, हा हिशोब कोणी मांडत नाही. आज तो मांडायचा आहे. कारण एकदा तो हिशोब मला स्वतःला करावा लागला होता आणि तो करताना माझी मान खाली गेली होती.

गोष्ट २००० सालच्या मार्च महिन्याची. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेच्या शाखेत अकाउंटंट होतो. आमच्याच बँकेतल्या एका कॅशिअरला दहा-अकरा वर्षांपूर्वी रोकड कमी भरल्याचा ठपका ठेवून काढून टाकलेले होते. तो युनियनमार्फत केंद्र सरकारच्या औद्योगिक न्यायाधिकरणात गेला. निकाल त्याच्या बाजूने लागला. बँक हायकोर्टात गेली. तिथे आणखी काही वर्षे गेल्यावर तडजोड झाली: त्याने नोकरीवरचा हक्क सोडायचा आणि बँकेने थकलेला पगार व भरपाई मिळून चार लाख ऐंशी हजार रुपये द्यायचे. पैसे आमच्या शाखेतून द्यायचे होते. म्हणजे त्यातून उगमस्थानी कर कापण्याचे काम माझे.

तो स्वतः आला नाही. ज्या काउंटरच्या आत त्याने बारा वर्षे नोटा मोजल्या, तिथे बाहेरच्या बाजूला उभे राहणे त्याला जमले नसावे. त्याची पत्नी आली. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला याच शाखेतल्या सगळ्यांना फराळाला बोलावणारी ती बाई. तिने पिशवीतून एक फडके काढले, त्याची गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर पावत्या पसरल्या. मुंबईच्या वकिलांच्या फीच्या, टायपिंगच्या, झेरॉक्सच्या, रेल्वेच्या तिकिटांच्या, दादरच्या एका लॉजच्या. वहीच्या पानावर बेरीज केलेली होती: एक लाख दहा हजार आणि काही रुपये. त्यात तिच्या दोन बांगड्या आणि सासऱ्यांची दीड बिघा जमीन होती, हे मला निराळे कळले होते.

ती म्हणाली, "भावजी, हे एक लाख दहा हजार आमच्या हातात आलेच नाहीत. मग त्याच्यावर कर कसा काय?"

मी म्हणालो, "वहिनी, कायद्यात त्याला जागा नाही."

हे उत्तर बरोबर होते. त्या दिवशी बरोबर होते आणि आजही बरोबर आहे. थकबाकी एकाच वर्षात हातात पडल्यामुळे जो जादा कर बसतो त्याबद्दल कलम ८९ खाली सवलत मिळते. तिचा अर्ज मी स्वतः भरून दिला आणि त्यातून काही रक्कम वाचलीही. पण वकिलाच्या पावत्या मला तशाच परत कराव्या लागल्या. तिने त्या पुन्हा फडक्यात बांधल्या. नंतर मी कादंबऱ्या लिहिल्या, माणसांच्या तोंडी पुष्कळ प्रश्न घातले; पण तिच्याइतका सरळ प्रश्न मला सुचला नाही.

तिच्या प्रश्नाला कायदा नाही का म्हणतो, ते आधी समजून घेऊ.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने उत्पन्नाचे पाच रकाने केले: पगार, घराचे भाडे, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर उत्पन्न. प्रत्येक रकान्याचा खर्चाकडे बघण्याचा स्वभाव वेगळा. धंदेवाल्याला धंद्यासाठी केलेला खर्च कलम ३७ खाली वजा करता येतो. घर भाड्याने देणाऱ्याला एकही पावती न दाखवता तीस टक्के वजावट मिळते. जमीन किंवा शेअर विकणाऱ्याला त्या विक्रीपायी झालेला खर्च, अगदी दलालीसुद्धा, नफ्यातून काढता येते. इतर उत्पन्नातही, ते मिळवण्यासाठी झालेला खर्च वजा होतो. राहिला पगाराचा रकाना. त्यात सगळ्यांना सरसकट मिळणारी स्टँडर्ड डिडक्शन, राज्याचा व्यवसाय कर आणि सरकारी नोकरांचा एक जुना मनोरंजन भत्ता, एवढ्यावर यादी संपते. व्यवसाय कर आपल्या महाराष्ट्रात वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार. आणि तोही जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यालाच वजा करता येतो. या यादीत 'वकिलाची फी' हे शब्द नाहीत. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून लागू व्हायचा म्हणून जो २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा संसदेने केला, त्याची भाषा सोपी झाली, कलमांचे आकडे बदलले. पण ही यादी लांबली नाही.

दुसऱ्या बाजूने, नोकरी जाताना मालकाकडून मिळणारी भरपाई मात्र कायद्याने पगाराच्याच रकान्यात ओढून घेतली आहे. 'पगाराऐवजी मिळालेला लाभ' असे तिचे नाव. १९६१ च्या कायद्यात ते कलम १७ च्या तिसऱ्या पोटकलमात होते. म्हणजे नोकरी नसली तरी पैसा पगाराचा ठरतो. आणि पैसा पगाराचा ठरला की खर्च वजा होत नाही.

यामागे एक तत्त्व आहे आणि ते कौटुंबिक उदाहरणाने चांगले कळते. मुंबईच्या सीतलदास तीरथदास या करदात्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. कोर्टाच्या हुकूमनाम्याप्रमाणे पत्नीला आणि मुलांना पोटगी द्यावी लागते, तेव्हा तेवढी रक्कम माझ्या उत्पन्नातून वगळा, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. उत्पन्न तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधीच दुसरीकडे वळले असेल तर ते तुमचे नव्हे. पण तुमच्यापर्यंत येऊन मग तुम्ही ते दिले असेल, भले कायद्याने बांधील म्हणून दिले असेल, तरी ते आधी तुमचेच उत्पन्न. आपल्याकडच्या केळीच्या बागाईतदाराला हे पटकन समजेल. पाटाचे पाणी वरच्या अंगालाच दुसऱ्याच्या शेतात वळले, तर ते तुमच्या हिश्शाचे नाही. पण तुमच्या विहिरीत उतरले आणि मग तुम्ही शेजाऱ्याला दिले, तर पाणीपट्टी तुम्हीच भरायची.

वकिलाची फी ही अशी विहिरीतून दिलेली समजली जाते. पुन्हा आपल्या देशात 'जिंकलो तर इतके टक्के तुम्हाला' असा करार वकिलाने पक्षकाराशी करायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. मनाई योग्यच आहे. पण तिचा परिणाम असा की नोकरी गेलेल्या माणसाला फी आधी घरातून काढून द्यावी लागते, जिंको वा हरो. हरला तर घर बुडते. जिंकला तर जी फी केव्हाच देऊन झाली, तिच्याइतक्या रकमेवरही कर बसतो.

आता हाच खटला टेबलाच्या पलीकडून पाहा. मालकही वकील देतो. बहुधा मोठा देतो. त्याने धंद्याच्या कामी केलेला कोर्टखर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा होतो. मदुराईच्या श्री मीनाक्षी मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की दिवाणी दाव्याचा खर्च वजा होणार की नाही, हे त्या दाव्याचा धंद्याशी काय संबंध आहे यावर ठरते. दावा जिंकला की हरला यावर नाही. म्हणजे कामगाराला चुकीने काढले असे कोर्टाने ठरवले तरी, त्याला काढण्याचे समर्थन करण्यासाठी दिलेली फी कंपनीच्या नफ्यातून वजा होते. यात कंपनीने काही गैर केले असे नाही. कायदाच तसा आहे.

आकडे मांडून पाहू. समजा, एका माणसाला २०२५-२६ या आर्थिक वर्षात थकीत पगार आणि भरपाई मिळून अठरा लाख रुपये मिळाले. दुसरे उत्पन्न नाही. वकिलाला तीन लाख दिले. नव्या करपद्धतीत पंचाहत्तर हजारांची स्टँडर्ड डिडक्शन जाऊन सव्वासतरा लाखांवर उपकरासह १,५०,८०० रुपये कर होतो. फीचे तीन लाख वजा झाले असते तर कर ९७,५०० रुपये झाला असता. फरक ५३,३०० रुपये. हा फरक त्याच्या हातात कधी न राहिलेल्या पैशांवरचा कर आहे. थकबाकीवरची सवलत मिळाली तर आकडा कमी होईल, पण तत्त्व तेच राहील. आता समोरच्या कंपनीनेही तीन लाखच वकिलाला दिले असे धरू. ती बावीस टक्क्यांच्या दराने कर भरणारी असेल, तर अधिभार आणि उपकर धरून तिचा कर सुमारे पंचाहत्तर हजारांनी कमी होतो. फी सारखी, कोर्ट एक, तारखाही त्याच. एकाला पंचाहत्तर हजारांचा हातभार आणि दुसऱ्याला त्रेपन्न हजारांचा भार. शिवाय दोन्ही वकील आपापल्या फीवर कर भरतातच. म्हणजे कंपनीने दिलेल्या रुपयावर एकदा कर बसतो, कामगाराने दिलेल्या रुपयावर दोनदा.

कोणी म्हणेल, बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला त्या वर्षापासून करच नाही, मग लहान माणसाला याची झळ कुठे? एरवी नाहीच. पण दहा वर्षांचा पगार एका धनादेशात येतो तेव्हा लहान माणूसही कागदावर मोठा होतो. अडचण तिथेच आहे.

मालक आणि नोकर कोर्टात सारखे नसतात, हे कायद्याला कळत नाही असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगार न्यायालयात समोरच्याची संमती आणि न्यायालयाची परवानगी असल्याशिवाय वकील उभा राहू नये अशी तरतूद केली होती. कामगाराने युनियनचा माणूस न्यावा, मालकाने आपला अधिकारी पाठवावा, लढत बरोबरीची व्हावी, असा हेतू. पुढे मालकाचा अधिकारीच वकिलीची सनद घेतलेला असला तर काय, हा प्रश्न पारादीप बंदराच्या प्रकरणात आला आणि अधिकारी म्हणून तो उभा राहू शकतो असा निकाल झाला. प्रकरण हायकोर्टात गेल्यावर तर बरोबरीचा प्रश्नच उरत नाही. आमच्या कॅशिअरचे तेच झाले. न्यायाधिकरणात युनियनचा सेक्रेटरी पदरमोड करून लढला. एक लाख दहा हजारांतला मोठा वाटा हायकोर्टाच्या पायऱ्यांवर गेला. १९४७ चा तो कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली आहे. पण मुंबई भुसावळहून होती तितकीच दूर आहे.

रेल्वेतल्या माणसाचा रस्ता वेगळा. त्याला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, ज्याला आपण 'कॅट' म्हणतो, तिथे जावे लागते. तिथल्या अर्जाची फी पन्नास रुपये. वाचून बरे वाटते. पण साडेचारशे किलोमीटरवरच्या मुंबईतला वकील पन्नास रुपयांत मिळत नाही. खाजगी शाळेतल्या शिक्षकाला १९७७ च्या कायद्याखालचे शाळा न्यायाधिकरण आहे. तिथेही काढून टाकल्यापासून तीस दिवसांत अपील करायचे असते. पगार बंद झालेल्या पहिल्याच महिन्यात वकील शोधायचा आणि त्याची फी उभी करायची.

अशाच एका शिक्षिकेचे प्रकरण मराठी घरांनी लक्षात ठेवावे असे आहे. तेव्हाच्या औरंगाबादच्या एका खाजगी संस्थेच्या प्राथमिक शाळेतून २००७ साली तिला काढले. २००९ साली शाळा न्यायाधिकरणाने ते बेकायदा ठरवून मागचा पगार देण्याचा हुकूम केला. उच्च न्यायालयाने पगाराचा भाग काढून टाकला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परत दिला. त्या निकालपत्रात न्यायालयाने एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली आहे: अशा बहुतेक खटल्यांत मालकाची बाजू वरचढ असते, तो उत्तमोत्तम वकील लावून नोकराचे हाल लांबवू शकतो आणि नोकराला नावाजलेल्या वकिलाची फी परवडणारी नसते. देशाचे सर्वोच्च न्यायालय जे सत्य पाहते, ते प्राप्तिकराच्या कायद्याने मात्र पाहायचे नाही, असे चालले आहे.

दुसऱ्या देशांनी काय केले, तेही थोडक्यात पाहू. अमेरिकेत शिकागोकडच्या एका महिला पोलिसाने कामावरच्या भेदभावाविरुद्ध खटला जिंकला. पण तिच्या वकिलांना मिळालेली फीही तिचेच उत्पन्न धरली गेली आणि कर इतका झाला की भरपाई पुरून उलट देणे निघाले. अशा प्रकरणांचा बोभाटा झाल्यावर २००४ साली तिथल्या काँग्रेसने कायदा करून भेदभावाच्या आणि नोकरीविषयक अनेक खटल्यांतली वकिलाची फी उत्पन्नातून वजा करायला परवानगी दिली. ब्रिटनमध्ये नोकरी सोडतानाच्या तडजोडीत मालकाने नोकराच्या वकिलाची फी थेट वकिलाला दिली, तर ठरावीक अटींवर ती नोकराच्या उत्पन्नात धरत नाहीत. कॅनडात थकलेला पगार वसूल करण्यासाठी केलेला वकिलाचा खर्च वजा होतो. जर्मनीतही नोकरीच्या दाव्याचा खर्च नोकरीच्या उत्पन्नासाठीचा खर्च मानतात. आपल्याकडे उलट, मालकाने फी दिली तरी नोकराचे देणे मालकाने भागवले म्हणून ती पगारात मोडण्याचा धोका असतो.

परदेशचे दाखले नको असतील तर घरचाच एक आहे. धरणासाठी, महामार्गासाठी जमीन गेली आणि शेतकऱ्याने कोर्टात भांडून वाढीव मोबदला मिळवला, असे खानदेशातल्या गावागावांत घडले आहे. त्या मोबदल्यावर मिळालेले व्याज करपात्र असेल तेव्हा त्यातले निम्मे सरसकट वजा करावे, अशी तरतूद २००९ साली केंद्र सरकारने केली. खर्च किती झाला, पावती कुठे आहे, असे काही विचारायचे नाही; पन्नास टक्के वजा. वर्षानुवर्षे कोर्टात अडकलेला पैसा हा नेहमीच्या उत्पन्नासारखा नसतो, हे सरकारने तिथे एकदा मान्य केले आहे. जमीन गेलेल्या माणसाला जे दिले, ते नोकरी गेलेल्या माणसाला का नको? आमच्या गावात नोकरी हीच कित्येकांची जमीन आहे.

या मागणीविरुद्ध जे बोलले जाते तेही ऐकले पाहिजे. मी पस्तीसेक वर्षे बँकेच्या टेबलामागे बसलेला माणूस आहे. नियम का करतात हे मला कळते. पहिला आक्षेप असा की पगारदारांना स्टँडर्ड डिडक्शन त्यासाठीच तर दिली आहे. पण ती रोजच्या बारीकसारीक खर्चाची भरपाई आहे आणि कोर्टाचे तोंड न पाहिलेल्यालाही तेवढीच मिळते. आयुष्यात एकदा कोसळणाऱ्या खर्चाचा त्यात विचार नाही. दुसरा आक्षेप खोट्या बिलांचा. तो खरा आहे. पण इथे कोर्टाचा निकाल किंवा सहीची तडजोड असते, वकील सनदधारक असतो, फी बँकेतून देण्याची आणि वकिलाचा पॅन लिहिण्याची अट घालता येते. घरभाड्याच्या पावत्यांपेक्षा हा पुरावा कितीतरी पक्का. तिसरा आक्षेप, एक दार उघडले की सगळेच आत शिरतील. म्हणून दार अरुंद ठेवावे. कोर्टाने किंवा तडजोडीने मिळालेल्या रकमेतूनच, तिच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच आणि एकदाच ही वजावट द्यावी. मालकाने तडजोडीत दिलेली फी थेट वकिलाला गेली तर ती नोकराच्या उत्पन्नात धरू नये. इतके पुरे आहे.

मर्यादा बदलता येत नाहीत असे नाही. निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या रजेच्या पगाराची करमुक्त मर्यादा वीस-एकवीस वर्षे तीन लाखांवर अडकली होती. २०२३ साली ती एकदम पंचवीस लाख झाली. कामगार कपातीच्या भरपाईची पाच लाखांची मर्यादा मात्र १९९७ सालची आहे. अमळनेरच्या प्रताप मिलचा, जळगावच्या खानदेश मिलचा भोंगा ज्यांनी ऐकला, त्या पिढीतले पाच लाख आणि आजचे पाच लाख यांत किती अंतर आहे, हे भाजी आणणाऱ्या कोणालाही विचारावे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ज्या घरावर ही वेळ आली असेल त्यांनी काही गोष्टी कराव्यात. तडजोडीचा कागद होताना ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, कपातीची भरपाई आणि थकीत पगार यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. एकरकमी 'सगळे मिळून' असे लिहू देऊ नये. प्रत्येकाची करसवलत निराळी असते आणि एकत्र लिहिले की ती हातची जाण्याची भीती असते. थकबाकीवरच्या सवलतीचा अर्ज, जो १९६१ च्या कायद्याखाली नमुना १०-ई म्हणून ओळखला जाई, तो विवरणपत्राच्या आधी भरावा. नंतर भरला तर सवलत नाकारल्याची पत्रे येतात. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करण्यात कसलाही कमीपणा नाही. आणि पुण्याला हिंजवडीत नोकऱ्या बदलणाऱ्या मुलामुलींच्या आईबापांनी हेही ध्यानात ठेवावे: नोटीस न देता सोडले म्हणून जुन्या कंपनीने पगारातून कापलेली रक्कम उत्पन्नात धरू नये, असा निकाल अहमदाबादच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ साली दिला आहे. हातात न पडलेल्या पैशांवर कर नको, हे म्हणणे तेवढ्यापुरते तरी मान्य झाले आहे.

तिचे म्हणणेही तेच तर होते. त्या दिवशी ती गेल्यावर मी शाखेतल्या लेजरवर मान घालून बसलो. संध्याकाळी शिपायाने माझ्या टेबलाखाली पडलेले एक तिकीट आणून दिले. मुंबईचे, सेकंड क्लासचे, पाठीमागे पेन्सिलीने तारीख लिहिलेले. गाठ बांधताना निसटले असावे. मी ते पोस्टाने पाठवून दिले. कशाला पाठवले ते तेव्हा सांगता आले नसते. आज वाटते, तो पुरावा होता आणि तो कधीतरी लागेल अशी मला आशा होती. आज ती वहिनी सत्तरीजवळ आली असेल. तिला आता त्या पैशांचा उपयोग नाही. पण आज ना उद्या दुसऱ्या एखाद्या घरची बाई असेच फडके घेऊन कुठल्यातरी टेबलासमोर उभी राहील. तेव्हा टेबलामागच्या माणसाला "कायद्यात त्याला जागा नाही" असे म्हणावे लागू नये, एवढीच जागा कायद्यात करायची आहे.